एक्सेलची यादी वूकॉमर्समध्ये चढवल्यावर आयात ‘पूर्ण’ दिसते, तरी वस्तू दुहेरी होतात आणि विकलेला माल पुन्हा उपलब्ध दिसतो. चूक कुठे शोधावी?

आपण लिहिले आहे की टॅलीतून काढलेली मालाची यादी एक्सेलमध्ये नीट करून आपण दर रात्री सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) स्वरूपात वूकॉमर्समध्ये, म्हणजे आपले ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्रणालीत, चढवता. आयात पूर्ण झाल्याचा संदेश येतो. तरीही काही कपडे संकेतस्थळावर दोनदा दिसतात, काहींचा साठा जागचा हलत नाही आणि रात्री विकलेली एकच नग असलेली साडी सकाळी पुन्हा विक्रीला उभी असते. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे, तिसरीचे वेगळे आहे, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

सर्वप्रथम एक विनंती: सर्व उत्पादने पुसून नव्याने चढवण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच, तो मानू नये. त्याने जुने दुवे तुटतात, ग्राहकांचे अभिप्राय जातात आणि मूळ दोष यादीतच असल्याने तो काही दिवसांत पुन्हा उगवतो. त्याऐवजी दुहेरी दिसणारी एकच वस्तू निवडावी आणि टॅली, एक्सेल, सीएसव्ही व वूकॉमर्स या चारही ठिकाणी तिचा एसकेयू (दुकानाने वस्तूला दिलेला ओळख क्रमांक) काय आहे ते शेजारी शेजारी लिहून पाहावे. सीएसव्ही मात्र एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडावी, कारण एक्सेल ती उघडतानाच बदललेली दाखवते आणि नेमका पुरावाच नाहीसा होतो.

वूकॉमर्सचा आयातक वस्तू ओळखतो ती आयडी (वूकॉमर्सने स्वतः दिलेला क्रमांक) किंवा एसकेयू यांवरून. नाव, चित्र किंवा किंमत त्याच्या दृष्टीने ओळख नव्हे. आपला एसकेयू ००४२१७ असेल आणि एक्सेलने तो संख्या समजून ४२१७ केला, तर वूकॉमर्सला ही अनोळखी वस्तू वाटते. त्यानंतर काय होते, हे ‘विद्यमान उत्पादने अद्ययावत करा’ या चौकटीवर अवलंबून असते. तिथे खूण नसेल तर नवे उत्पादन तयार होते आणि जुने तसेच राहते, म्हणजेच आपली दुहेरी साडी. खूण असेल तर न जुळलेली ओळ वगळली जाते, म्हणजेच आपला न हलणारा साठा. ‘पूर्ण’ या संदेशाचा अर्थ फक्त फाइल शेवटपर्यंत वाचली गेली एवढाच असतो. त्याच पानावर वगळलेल्या ओळींचा आकडा आणि आयातीची नोंद पाहण्याचा दुवा असतो, तो उघडल्यास कोणती ओळ कोणत्या कारणाने वगळली ते कळते.

एसकेयू म्हणून तेरा अंकी बारकोड वापरत असाल तर प्रकरण आणखी नाजूक होते. एक्सेल ८९०१२३४५६७८९० ही संख्या ८.९०१२३ई+१२ अशी दाखवते, आणि सीएसव्ही करताना जे दिसते तेच लिहिले जाते. एकाच उत्पादकाच्या बारकोडचे सुरुवातीचे अंक समान असल्यामुळे त्याचे कितीतरी वेगवेगळे शर्ट या रूपात अगदी एकसारखे होतात. एकदा गेलेले अंक रकाना नंतर ‘टेक्स्ट’ (मजकूर) केल्याने परत येत नाहीत. टॅलीतील मूळ यादी एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून आत घेतानाच तो रकाना टेक्स्ट ठरवावा लागतो.

दुसरी जागा म्हणजे टॅली आणि एक्सेल यांची सांगड. टॅलीत वस्तूची ओळख मुख्यतः नावाने असल्यामुळे अनेक दुकानदार व्हीलुकअप (एक्सेलमधील शोधून जुळवण्याचे सूत्र) वापरून नावावरून एसकेयू शोधतात. नावे मराठीत असतील तर इथे एक फसवी अडचण आहे. ‘पांढऱ्या काठाची’ यातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: कधी नुक्तावाल्या ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, तर कधी साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन कीबोर्डांवर टंकलेली ही नावे डोळ्यांना एकच दिसतात, पण व्हीलुकअपला ती वेगळी असतात. शेवटची रिकामी जागाही असाच घोळ घालते, आणि ती वेबपानावरून नक्कल केलेली न तुटणारी जागा असेल तर ट्रिम या जादा जागा काढणाऱ्या सूत्रानेही जात नाही. माझ्या मते टॅलीत पार्ट नंबरचा रकाना चालू करून त्यातच एसकेयू ठेवावा आणि नावावरून जुळवणे कायमचे बंद करावे.

एसकेयू सर्वत्र जुळूनही एखाद्या शर्टाचा साठा बदलत नसेल, तर तो मापांच्या उपप्रकारांसह आहे का ते पाहावे. प्रत्येक माप स्वतःचा साठा सांभाळत असेल तर मूळ उत्पादनाच्या ओळीत लिहिलेला आकडा त्या मापांपर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक मापाची ओळ त्याच्या स्वतःच्या एसकेयूसह द्यावी लागते.

आता विकलेल्या साडीबद्दल. आयातक साठ्यात भर किंवा घट करत नाही, आहे तो आकडा पुसून नवा लिहितो. आपण नऊ वाजता टॅलीतून यादी काढली, तेव्हा साडी एक होती. दहा वाजता ती ऑनलाइन विकली गेली आणि साठा शून्य झाला. अकरा वाजता नऊची यादी चढली आणि शून्याच्या जागी पुन्हा एक आला. यात बिघाड काहीच नाही, क्रम चुकला आहे. आधी दिवसभराच्या ऑनलाइन ऑर्डरी टॅलीत नोंदवाव्या, मग यादी काढावी आणि लगेच चढवावी. तेवढे रोज जमणार नसेल तर रकाने जुळवण्याच्या पायरीवर साठ्याच्या रकान्यापुढे ‘आयात करू नका’ निवडावे आणि एकच नग असलेल्या साड्यांचा साठा फक्त वूकॉमर्समध्येच सांभाळावा. दुकानातील गल्ल्यावर तशी साडी विकली गेली की तिथल्या तिथे मोबाइलवरून साठा शून्य करण्याची जबाबदारी मग एका ठरावीक माणसाकडे द्यावी लागेल.

दुरुस्ती करण्यापूर्वी वूकॉमर्समधून सर्व उत्पादनांची निर्यात करून ती फाइल बाजूला ठेवावी, आणि दुहेरी जोडीतील ज्या उत्पादनावर जुन्या ऑर्डरी आहेत ते राखून दुसरे काढावे. पहिली आयात दहा-बारा ओळींचीच करावी, आणि वगळलेल्या ओळींचा आकडा शून्य आला तरच पूर्ण यादी चढवावी.