कोपनहेगनला पर्यावरण अर्थशास्त्र शिकायला येण्यापूर्वी

कृषी पदवीनंतर कोपनहेगन विद्यापीठात पर्यावरण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राचा दोन वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम करावा का, त्याला गणित कितपत लागते आणि शिकता शिकता काम करून खर्च भागतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी हाच अभ्यासक्रम पूर्ण करून डेन्मार्कमध्ये राहिलो आहे. सुरुवात गणितापासून करतो, कारण आपल्याकडून येणाऱ्यांची सर्वाधिक ओढाताण तिथेच होते.

नावात पर्यावरण असले तरी हा अभ्यासक्रम अर्थशास्त्राचा आहे. उत्खननाचा खर्च वजा जाता खनिजाचे मूल्य व्याजदराच्या गतीने वाढत राहिले पाहिजे, हा अर्थशास्त्रज्ञ हॉटेलिंग यांचा १९३१ चा नियम, किंवा कोणाचीच मालकी नसलेल्या समुद्रात नफा संपेपर्यंत बोटी वाढत जातात, हे अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन यांचे १९५४ चे प्रतिपादन, इथे वाचून सोडून देता येत नाही. ते समीकरणांतून मांडून दाखवावे लागते. म्हणून अवकलन, मर्यादांच्या आत कमाल मूल्य काढण्याची लाग्रांजची रीत आणि रिग्रेशन, म्हणजे आकडेवारीतून घटकांमधला संबंध काढण्याची पद्धत, यांचा पक्का सराव घरीच करून या, आणि त्याबरोबर ‘आर’ ही संगणकीय भाषाही शिका. कृषी पदवीत संख्याशास्त्र असते, पण ते बहुधा प्रयोगांच्या आखणीपुरते असते आणि इथे तेवढ्यावर निभावत नाही.

हे गणित कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगतो. खाडीच्या पाण्याला बाजारभाव नसतो, तेव्हा लोकांपुढे प्रश्नावलीतून एक तक्ता ठेवला जातो. त्यातल्या पहिल्या दोन रकान्यांत पाणी किती स्वच्छ होईल, मासे किती वाढतील आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला किती जादा कर भरावा लागेल, याचे दोन पर्याय असतात; तिसऱ्या रकान्यात आहे तीच स्थिती आणि कर शून्य. असे अनेक तक्ते शेकडो लोकांनी भरले की त्यांच्या निवडींवरून पाण्याच्या स्वच्छतेतील एका पायरीची किंमत काढता येते. शेतातून वाहून येणाऱ्या नायट्रोजनमुळे डेन्मार्कच्या खाड्यांत प्राणवायू घटतो, त्यामुळे हा वाद इथे सतत चालू असतो.

या विषयासाठी डेन्मार्क निवडावा असे मला मनापासून वाटते, ते याच कारणाने. कार्बनवरचा कर इथे १९९२ पासून आहे. कीटकनाशकांवरचा कर २०१३ पासून त्यांच्या घातकतेनुसार आकारला जातो. जून २०२४ मध्ये सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गसंवर्धक यांच्यात झालेल्या करारानुसार गुराढोरांपासून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर (डेन्मार्कचे चलन) आणि २०३५ मध्ये ७५० क्रोनर कर ठरला. ६० टक्के सूट धरता प्रत्यक्ष भार अनुक्रमे १२० आणि ३०० क्रोनरचा पडतो. ही सूट का दिली आणि तिने कराचा परिणाम बोथट होतो का, हे इथे शिकण्यासारखे आहे. उसाच्या पाण्याची आकारणी क्षेत्रावर करावी की घनमापाने, हा आपल्याकडचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. प्रबंधासाठी असा एखादा प्रश्न तिकडूनच मनात धरून या.

परीक्षा अनेकदा तोंडी असते. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एक उचलायची, तिच्यावरचा विषय फळ्याशी उभे राहून मांडायचा, मग प्राध्यापक आणि बाहेरून आलेले परीक्षक उलटतपासणी घेतात. त्यानंतर तुम्ही बाहेर थांबता आणि काही मिनिटांतच गुण कळतात. उणे ३ ते १२ अशी ही श्रेणी असते आणि उत्तीर्ण व्हायला २ लागतात. पाठांतराने फारसे साधत नाही.

खर्चाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: कामाच्या भरवशावर येऊ नका. वर्षाचे नऊ-नऊ आठवड्यांचे चार भाग असतात आणि एका भागात सहसा दोन विषय. प्रत्येक विषयासाठी २०६ तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, म्हणजे आठवड्याला पंचेचाळीसहून अधिक तास झाले. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यानुसार महिन्याला ९० तास आणि उन्हाळ्याचे तीन महिने पूर्णवेळ काम करता येते, पण त्यातून फार तर राहण्याखाण्याचा काही भाग निघतो. युरोपबाहेरच्यांना शुल्क पूर्ण भरावे लागते, तेव्हा जमीन गहाण ठेवून येण्याआधी युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडुससारख्या शिष्यवृत्त्यांचे सर्व मार्ग तपासा. त्या मिळाल्या नाहीत, तर चेन्नईच्या मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही हा विषय चांगला शिकता येतो.

पुढे इथेच राहायचे असेल तर डॅनिश पहिल्या महिन्यापासून शिका, कारण मंत्रालये आणि सल्लागार संस्था यांचे बहुतेक काम त्याच भाषेत चालते. पीएचडी मात्र इंग्रजीत करता येते आणि ती तीन वर्षांची पगारी नोकरी असते. परवान्याचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, त्यामुळे एजंटाच्या शब्दावर विसंबू नका, इमिग्रेशन खात्याचे संकेतस्थळ स्वतः वाचा.

अर्जाची मुदत आपल्यासाठी १५ जानेवारी असते आणि वर्ग सप्टेंबरात सुरू होतात. निवड करताना पदवीच्या नावापेक्षा तुम्ही अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र किती शिकलात हे पाहतात, म्हणून या विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम इंग्रजीत, विद्यापीठाच्या सहीशिक्क्यानिशी, दिवाळीपूर्वीच मागून घ्या.