दूध पातळ झालं, आता खुराक वाढवू का?

प्रश्न : आमची गाढवीण व्यायल्याला चार महिने झाले. पहिल्या महिन्यात आणि परवा, असं दोनदा तिचं दूध आणि रक्त तपासून घेतलं. दुधातली प्रथिनं १.९ टक्क्यांवरून १.५ वर आली. फॅट जेमतेम ०.४ भरली. रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तातून वाहणारी चरबी) मात्र आधीपेक्षा उतरलेत. शिंगरू चांगलं अंगाला लागलंय. तरी खुराक कमी पडतोय का?

उत्तर : शिंगरू अंगाला लागलंय म्हणता, तिथंच निम्मं उत्तर आलं. प्रथिनं अशीच उतरतात. व्यायच्या आधी कास आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा मोठा साठा ओढून चिकात भरते, कारण गाढविणीची वार (प्लॅसेंटा) हे प्रतिपिंड पोटातल्या पिल्लाला पोचवत नाही. शिंगराला ते चिकातूनच मिळतात, तेही पहिल्या चोवीस तासांत. पुढे त्याचं आतडं ते शोषत नाही. म्हणून चिकात प्रथिनं भरपूर असतात. नंतरच्या दुधात ती पटकन कमी होतात आणि वेत पुढे सरकेल तशी हळूहळू आणखी उतरतात. खनिजांचंही तेच.

लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, आकडा तुम्ही दिला नाहीत, पण तो साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास टिकून असणार. गाईच्या दुधात तो पाचाच्याही खाली असतो. रक्तातल्या ग्लुकोजपासून कास लॅक्टोज बनवते आणि लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी खेचतं. दूध किती उतरणार हे बरंचसं त्यावरच ठरतं, त्यामुळे त्याचं प्रमाण फारसं ढळत नाही.

फॅटच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. नमुना कसा घेतलात? गाढविणीला सड दोनच, कास लहान, आणि पान्हा सोडेपर्यंत बहुतेक दूध वरच अडकलेलं असतं. पहिल्या धारांत फॅट नावालाच असते, खरी फॅट शेवटच्या धारांत. शिंगराला तीनेक तास आईच्या नजरेसमोरच वेगळं बांधा, कास पूर्ण पिळा, सगळं दूध ढवळा आणि मग बाटली भरा. तरीही आकडा एकाच्या आतबाहेरच येईल. हे दूध मुळातच हलकं. (लहान बाळाला फक्त याच दुधावर ठेवायचा विचार असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. उष्मांक कमी पडतात.)

आता रक्त. गाभणपणाच्या शेवटी आणि व्यायल्यावर सुरुवातीला गरज जास्त, खाणं त्या मानाने कमी. मग अंगावरची चरबी सुटून रक्तात येते. ट्रायग्लिसराइड तेव्हा चढलेले होते ते यामुळे. कास त्यातली थोडी दुधासाठी उचलते. गरज आणि खाण्याचा मेळ बसला की आकडा उतरतो, तुमच्याकडे तेच झालंय.

माझी काळजी वेगळीच आहे. लठ्ठ गाढवीण प्रवासाने, दातदुखीने किंवा शिंगराचं दूध अचानक तोडल्याने दोन दिवस नीट खाईनाशी झाली, की चरबीचा लोंढा यकृताला झेपत नाही. ट्रायग्लिसराइड ५०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की जिवावर बेततं. नळीतलं रक्त उभं ठेवलं आणि वरचा पिवळसर द्रव दुधाळ दिसला, तर रिपोर्टची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवा. आणि ती जाड वाटते म्हणून वेतात चारा एकदम तोडू नका.

खुराक आहे तोच राहू द्या. धान्य वाढवायचं कारण नाही.