घरातील जुन्या एलपी आणि कॅसेट सांभाळाव्यात, की आता स्ट्रीमिंगचे सदस्यत्व पुरेसे आहे?

रोजच्या ऐकण्यासाठी सदस्यत्व पुरेसे आहे; मात्र त्यात आपण गाणी विकत घेत नसून ऐकण्याची परवानगी भाड्याने घेत असतो, त्यामुळे पैसे भरणे थांबले की फोनमध्ये उतरवून ठेवलेली गाणीही वाजत नाहीत. ज्या मैफिली पुन्हा मिळण्यासारख्या नाहीत, त्या स्वतःजवळच असाव्यात, असे माझे मत आहे.

खरी अडचण नागपूरच्या उन्हाळ्याची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा स्लॅबखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी वाकतात. माझ्या एका तबकडीची कड एका बाजूने वर उचलली गेली आणि सुई दर फेऱ्याला, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ वेळा, वरखाली होऊ लागली. तबकड्या उभ्या आणि शक्यतो तळमजल्यावर ठेवाव्यात. (कूलरच्या खोलीत मुळीच नकोत, ओलाव्याने बुरशी धरते.)

कॅसेट मात्र आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात. ६० मिनिटांच्या कॅसेटला साध्या डेकवर पूर्ण तासच द्यावा लागतो, आणि सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिटची, वेव्ह फाइल सुमारे ६३५ मेगाबाइटची होते.