± तुझ्या चुकीबद्दल बोलत नाही

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पीएचडब्ल्यूआरची, म्हणजे जड पाण्याच्या अणुभट्टीची, एकच लॅटिस सेल (इंधनाची एक नळी आणि तिच्याभोवतीचं जड पाणी), १९ कांड्यांचं बंडल, आणि रँडम आकड्यांनी न्यूट्रॉनचा माग काढणारा ओपनएमसी कोड. तुझ्या आणि मित्राच्या के-इन्फिनिटीत (अशाच सेल अनंत पसरल्या तर न्यूट्रॉनची पुढची पिढी आधीच्या किती पट, तो आकडा) ९०० पीसीएमचा, म्हणजे लाखात ९०० भागांचा फरक, आणि दोघांचाही ± १२. त्यावर तू पार्टिकल, म्हणजे माग काढायचे न्यूट्रॉन, चौपट केलेस आणि रात्रभर मशीन राबवलंस. ± निम्म्यावर आला, फरक जागच्या जागी. राहणारच! हेच इनपुट वेगळ्या रँडम सीडने चालवलं तर आकडा साधारण किती हलेल, एवढंच ± सांगतो. इनपुट बरोबर आहे का, हे त्याला विचारूच नकोस.

आधी जड पाण्याची ओळ उघड. शुद्धता १०० टक्के धरलीस ना? मग हा हिशोब कागदावर कर. थर्मल, म्हणजे मंदावलेल्या न्यूट्रॉनसाठी हायड्रोजनचं शोषण ०.३३ बार्न (अणू न्यूट्रॉन किती सहज गिळतो, त्याचं माप), ड्यूटेरियमचं ०.०००५. दर रेणूमागे दोन अणू घे, ऑक्सिजनचे ०.०००२ मिळव. पाव टक्का साधं पाणी उरलेल्या ९९.७५ टक्के जड पाण्यापेक्षा जास्त न्यूट्रॉन गिळतं. मित्राने ९९.७५ घेतलं असेल आणि तू १००, तर तुम्ही दोन वेगळ्या अणुभट्ट्यांचं गणित केलंय. ± दोघांचाही सुंदर.

मग ड्यूटेरियमचं थर्मल स्कॅटरिंग टेबल, म्हणजे रेणूत बांधलेल्या अणूवर मंद न्यूट्रॉन कसे आपटून उडतात त्याचा तक्ता. ते जोडलं नाहीस तर कोड ड्यूटेरियमला मोकळ्या वायूसारखं वागवतो, रेणूतला बंध हिशोबातच येत नाही. आणि तापमान! काहीच दिलं नाहीस तर ओपनएमसी सगळं २९३.६ केल्व्हिनला धरतं. चालत्या अणुभट्टीत कॅलँड्रियातला (मोठ्या टाकीतला) मॉडरेटर, म्हणजे न्यूट्रॉन मंदावणारं जड पाणी, ६०-७० अंश सेल्सिअसला असतो, प्रेशर ट्यूबमधला कूलंट २५०च्या वर, इंधन त्याहून कितीतरी तप्त. इंधन तापलं की युरेनियम-२३८ चे रेझोनन्स (ज्या ऊर्जांना तो न्यूट्रॉन हावरटासारखा गिळतो त्या) रुंदावतात, के खाली येतो. नैसर्गिक युरेनियमचा आकडाही तपास: २३५ वजनाने ०.७११ टक्के, अणूंनी ०.७२०. वजनाचा आकडा अणूंच्या रकान्यात गेला तर २३५ सव्वा टक्क्याने कमी पडतं. यातल्या एकाही गोष्टीवर कोड थांबत नाही, लाल अक्षरं येत नाहीत.

बदल एका वेळी एकच कर. दोन एकदम केलेस तर एकाने वाढलेलं दुसरा खाऊन टाकतो आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. ते फार वाईट.

नवा कोड बसवलास की पहिलं काम गोडिव्हा: लॉस अलामॉसचा उघडा युरेनियमचा गोळा, त्रिज्या ८.७४०७ सेंमी, घनता घन सेंमीला १८.७४ ग्रॅम. या बेंचमार्कचा (कोड पडताळायच्या मोजलेल्या प्रयोगाचा) के १.००० आणि त्याचा स्वतःचा ± ०.००१, म्हणजे १०० पीसीएम. प्रत्यक्ष मोजमापावर उभ्या असलेल्या बेंचमार्कची अनिश्चितता १०० असताना तू १२ वरून ६ वर येण्यासाठी रात्र घालवलीस, याचा मला राग येतो. तुझ्यावर नाही. कोड चालवायला शिकवून इनपुटवर संशय घ्यायला न शिकवणाऱ्या आम्हा लोकांवर.

पण गोडिव्हा जुळला म्हणून जड पाणी जुळलं असं समजू नकोस. त्यात न्यूट्रॉन थर्मल होण्याइतके मंदावतच नाहीत, तुझं स्कॅटरिंग टेबल तिथे वापरलंच जात नाही. त्यासाठी जड पाण्यातलीच मोजमापं हवीत. ट्रॉम्ब्याला १९६१ मध्ये झर्लिना ही प्रयोगाची अणुभट्टी उभी राहिली ती लॅटिसच्या अभ्यासासाठीच. त्या काळी गणित लंगडं होतं म्हणून नव्हे, गणिताला कुणीतरी जाब विचारायला हवा म्हणून. या हट्टाला लोक वेळखाऊपणा म्हणतात. म्हणू देत. मी तो सोडलेला नाही, तुलाही सोडू देणार नाही.

शॅनन एन्ट्रॉपीचं विचारलंस, म्हणजे न्यूट्रॉनच्या उगमांची मांडणी स्थिरावली का ते सांगणाऱ्या आकड्याचं. एका सेलला तिची फारशी चिंता नको. ३०६ चॅनेलचा, म्हणजे इंधनाच्या नळ्यांचा, पूर्ण कोअर घेशील तेव्हा बोलू.

पुढच्या पत्रात के पाठवू नकोस. इंधन, आवरण, कूलंट, मॉडरेटर, प्रेशर ट्यूब, कॅलँड्रिया ट्यूब, प्रत्येकातल्या प्रत्येक न्यूक्लाइडची (युरेनियम-२३५, ड्यूटेरियम अशा प्रत्येक अणुप्रकाराची) अणुघनता हाताने काढ, दर बार्न-सेंमीला किती अणू ते. तुझी आणि मित्राची, शेजारी शेजारी. सोबत तापमानाचा रकाना.