काळे कावड्यांच्या आधी का बसले?

प्रश्न : आमच्या रामबागेतल्या मंडळाची सभासद-यादी मी लिनक्सवर ठेवतो. सहाशेच्या वर नावं आहेत. ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट ही आज्ञा चालवली की काळे हे कावडे, काशीकर यांच्या आधी येतात. नावाआधी ॲड. लावलेले दोन वकील तर थेट यादीच्या तळाशी. क्रमाची भाषा ठरवणारं एलसी_कोलेट हे सेटिंग मराठी करून पाहिलं, काडीचा फरक पडला नाही. वर भाच्याच्या संगणकावर घर क्रमांकांचा क्रम निराळाच लागतो. चूक कुठे होतेय?
— एक निवृत्त बँकवाले, इंदूर

उत्तर : काका, आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापतोय, टाइप रोमनमध्येच करा, एलसी वगैरे कॅपिटल.

सॉर्टला स्वतःची बाराखडी नाही. क्रम ते लोकेलकडून, म्हणजे संगणकातल्या भाषा-प्रदेशाच्या नियमांकडून, उसना घेतं. सगळ्यांवर हुकूम चालवणारं एलसी_ऑल भरलेलं असेल तर एलसी_कोलेटला कुणी विचारत नाही, आणि दोन्ही रिकामी असतील तेव्हाच लँगचा नंबर लागतो. तुमच्याकडे बहुधा एलसी_ऑल आधीच भरलेलं आहे. नाहीतर मराठी लोकेल बसवलेलंच नाही. तसं असेल तर सॉर्ट तक्रार न करता साध्या बाइटच्या क्रमावर येतं. आधी 'लोकेल -ए' देऊन यादीत एमआर_आयएन दिसतं का ते बघा. मग 'सॉर्ट --डीबग' चालवा, कोणता नियम लावला ते सुरुवातीलाच कळतं.

बाइटचा क्रम म्हणजे युनिकोडमधला, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यातला, क्रम. तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसवलाय. म्हणून काळे पुढे. माझे वडील छापखान्यात याद्या तपासताना पेन्सिल आपटत 'श ष स ह ळ क्ष ज्ञ' म्हणायचे. युनिकोडवाल्यांना ते कुणी ऐकवलं नसावं. ॲ ची गंमत तर वेगळीच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि जागा मिळाली ती थेट देवनागरी आकड्यांच्याही पलीकडे. मी स्वतः एका वधू-वर पुस्तिकेत यावर आपटलोय. सगळे ॲड. शेवटच्या पानावर गेले आणि एका वकीलबाईंनी फोन करून विचारलं, "आम्ही काय परिशिष्ट आहोत का?" चारशे प्रती छापून झाल्या होत्या.

(खरं तर पदवी नावाच्या आधी लावूच नये. वेगळा रकाना करा. पण मंडळात हे वकिलांना कोण सांगणार!)

भाच्याच्या संगणकाचं कारण साधं असावं. लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीची २.२८ आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली, तेव्हा क्रमाचे तक्तेच बदलले. इंग्रजी आकड्यांत '११' आणि '१-१' अशा दोन ओळी इंग्रजी लोकेलमध्ये लावून बघा. जुन्यात ११ आधी येतो, नव्यात १-१. डेटाबेस सांभाळणाऱ्यांचे इंडेक्स यात बिघडले होते, तुमची तर यादीच आहे.

म्हणून मी लोकेलच्या भरवशावर राहत नाही. सरळ 'एलसी_ऑल=सी सॉर्ट' लिहितो (सी म्हणजे साधा बाइटचा क्रम), म्हणजे कुठल्याही यंत्रावर तोच क्रम, आणि मराठीचा हट्ट स्वतः पुरवतो. मजकुरात अदलाबदल करणाऱ्या सेड या आज्ञेने नावांची एक प्रत काढायची. तिच्यात ॲ च्या जागी अ वर चंद्र, ळ च्या जागी ०९३ए, क्ष च्या जागी ०९३बी आणि ज्ञ च्या जागी ०९३सी हे युनिकोडचे क्रमांक असलेली चिन्हं. ही तीनही चिन्हं ह च्या लगेच पुढे आणि काना-वेलांटीच्या आधी येतात, आपल्याला हवी तीच जागा. पहिल्या दोन खुणा मराठीत लागत नाहीत; तिसरा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आहे, तेव्हा यादीत कुणी नुक्ता देऊन उर्दू नाव लिहिलं असेल तर तेवढं बघून घ्या. ही प्रत पेस्टने मूळ यादीच्या डावीकडे चिकटवा, सॉर्ट करा, आणि कटने डावा रकाना उडवा. मूळ नावाला हातही लागत नाही. क्षीरसागर क मध्येच हवे असतील तर क्ष ची अदलाबदल गाळा. बरीच मंडळं तसंच छापतात.

घर क्रमांक देवनागरी आकड्यांत असतील तर 'सॉर्ट -एन' त्यांना आकडे मानतच नाही. ते इंग्रजी आकडे करून घ्या.

आणि यादीत कऱ्हाडे असतीलच. कुणी पायमोडक्या ऱ ने टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखे, यादीतही शेजारी शेजारीच बसतात, पण सारख्या ओळी एक करणारी युनिक ही आज्ञा त्यांना दोन घरं मोजते. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी तेवढं तपासा.