फाइव्हएम सर्व्हरवर काही खेळाडूंचीच रो डेटाबेसमध्ये का जात नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी: जीटीए फाइव्ह या गेमचा फाइव्हएम सर्व्हर (म्हणजे स्वतःचा ऑनलाइन सर्व्हर चालवण्याची सोय), खेळाडू जॉइन झाला की ल्युआ भाषेतली स्क्रिप्ट त्याचं नाव आणि लायसन्स (खेळाडूची ओळखखूण) मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टाकते. बहुतेकांची रो (टेबलातली नोंदीची ओळ) जाते, काहींची जात नाही. होस्ट, पासवर्ड सगळं तीनदा तपासून झालंय.

ते तपासणं आता सोडा. कनेक्शनच नसतं तर एकाचीही रो गेली नसती. घोळ त्या ठरावीक खेळाडूंच्या माहितीत आहे.

तुम्ही क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ल्युआच्या दोन टिंबांनी (..) जोडजोडून बनवली आहे, म्हणजे नाव थेट वाक्यात चिकटवलंय. मीही हेच करायचो. दोन आठवडे सुरळीत गेले आणि मग वसईचा एक मित्र डी'सोझा हे नाव लावून आला. त्यातला अ‍ॅपॉस्ट्रॉफी पाहून एसक्यूएलने नाव 'डी'पाशीच संपवलं, पुढचा 'सोझा' कोण हे त्याला कळेना. एरर १०६४, म्हणजे वाक्यरचना चुकली. तो बिचारा खेळायला आला होता. एखादा खोडसाळ माणूस नावाच्या जागी अख्खी क्वेरी लिहून येऊ शकतो. म्हणून व्हॅल्यूजच्या कंसात फक्त प्रश्नचिन्हं ठेवा, (?, ?) अशी, आणि खऱ्या किमती त्यापुढे ल्युआच्या टेबलातून (महिरपी कंसातल्या यादीतून) वेगळ्या द्या. ऑक्समायएसक्यूएलचं (फाइव्हएमला मायएसक्यूएलशी जोडणाऱ्या रिसोर्सचं) इन्सर्ट फंक्शन त्या नीट एस्केप करून, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफीसारखी चिन्हं निरुपद्रवी करून, पाठवतं.

एवढ्यावर निम्मे खेळाडू मार्गी लागतील. नावात इमोजी लावणारे उरतील, त्यांचा एरर १३६६. मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं, इमोजीला ४ लागतात. देवनागरी अक्षरं ३ बाइटांत बसतात, त्यामुळे 'माझं मराठी नाव तर जातंय की' म्हणून आपण निर्धास्त राहतो. डेटाबेसमधलं टेबल आणि कनेक्शन दोन्ही ४ बाइट देणाऱ्या यूटीएफ८एमबी४वर करा. एकच बदललंत तर उपयोग नाही.

दुसऱ्यांदा आलेल्यांचंच अडतंय का, तेही बघा. लायसन्सवर युनिक की (एक लायसन्स एकदाच, हा नियम) असेल तर एरर १०६२ येणारच, आणि ती की असायलाच हवी. आधी सिलेक्ट करून मग इन्सर्ट, असला द्राविडी प्राणायाम करू नका. इन्सर्ट क्वेरीच्या शेवटी 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' जोडा, नाव बदललं असेल तर तेही अद्ययावत होईल. यात ऑटो इन्क्रिमेंटचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचे) आकडे मधूनमधून गळतात, त्याने काही बिघडत नाही. लायसन्सचा कॉलम मात्र ४० चा ठेवला असेल तर वाढवा: 'लायसन्स:' हा उपसर्ग धरून ते ४८ अक्षरांचं होतं. मी सरळ ६० ठेवतो.

आणखी एक. 'सोर्स' (जॉइन झालेल्या खेळाडूचा क्रमांक) हा व्हेरिएबल, जॉइन झाल्यावर चालणाऱ्या हँडलर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लोकल करून ठेवा. कॉलबॅकमध्ये (डेटाबेसचं उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पोहोचेपर्यंत त्यात तोच खेळाडू असेल याची खात्री नसते. मग नाव निल (रिकामं) येतं, आणि कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) असला की एरर १०४८.

हे सगळं करूनही एखादा अडलाच, तर सर्व्हर कन्सोलमधली एररची पूर्ण ओळ इथे टाका. कनेक्शन स्ट्रिंग चिकटवणार असाल तर आधी त्यातला पासवर्ड खोडा.