सुवर्णभस्म, नॅनोकण आणि रेडिएशन

प्रश्न: माझी भाची एमएससी फिजिक्स करतेय, कॅन्सरच्या गाठीत सोन्याचे नॅनोकण असले तर रेडिएशनचा असर किती वाढतो ते ती कंप्युटरवर काढते. हे ऐकल्यापासून घरचे मागे लागलेत की वन्संचं रेडिएशन चालूच आहे तर सोबत सुवर्णभस्म सुरू करा. चालेल का? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: नाही हो ताई, दोन्हीचा काही संबंध नाही आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको. 2004 साली ज्या उंदरांवरच्या प्रयोगाने हा विषय गाजला त्यात 1.9 नॅनोमीटरचे कण थेट शिरेतून दिले होते, तेही किलोमागे 2.7 ग्रॅमपर्यंत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 162 ग्रॅम, आता सराफ्यात जाऊन भाव विचारा. नुसत्या एक्स-रेने वर्षभर 20 टक्के उंदीर जगले, सोन्यासोबत 86 टक्के.

पण तिथे एक्स-रे 250 केव्हीचे (किलोव्होल्टचे) होते, गंमत तिथेच आहे. सोन्याचा अणुक्रमांक 79, त्यामुळे कमी एनर्जीचे फोटॉन (म्हणजे एक्स-रेचे कण) ते धडाधड शोषतं आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकतं, त्यातले ऑजे इलेक्ट्रॉन फार लांब जातच नाहीत, कणाच्या आजूबाजूलाच सगळी एनर्जी ओततात. हॉस्पिटलातला लिनॅक, म्हणजे रेडिएशन देणारं मशीन, मात्र बहुतेक वेळा 6 एमव्हीचा (6000 केव्हीचा), त्या एनर्जीला सोन्याचा हा फायदा बराचसा जातो. (सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या मशीनमधून हवी त्या एनर्जीचे एक्स-रे निवडता येतात, आपल्या इंदूरच्या कॅट या संशोधन संस्थेतलं (आता आरआरकॅट) इंडस-2 त्याच जातीचं मशीन, पण तिथे पेशंट नेत नाहीत!)

भाची बहुतेक जिआंट4-डीएनए नावाचं सॉफ्टवेअर वापरत असेल, त्यात एकेक फोटॉन सोडून तो कुठे आपटला, इलेक्ट्रॉन कुठवर गेले हे रँडम आकड्यांनी ठरवत लाखो वेळा चालवतात. तिला एवढंच विचारा की डोस कणापासून किती अंतरावर मोजलाय, कारण कणाला चिकटून मोजला की आकडा भलताच मोठा येतो आणि पूर्ण पेशीवर सरासरी काढली की पार खाली. वर लॅबमध्ये पेशी या हिशोबापेक्षा जास्त मरताना दिसतात, त्यात फ्री रॅडिकल (पेशीला इजा करणारे रेणू) आणि डीएनए दुरुस्तीचाही हात असावा, तो नुसत्या डोसच्या आकड्यात येत नाही.

माणसांवर सोन्यापेक्षा हाफ्नियम या दुसऱ्या जड धातूच्या ऑक्साइडचे नॅनोकण पुढे गेलेत, हातापायाच्या वगैरे सारकोमात (स्नायू, चरबी अशा भागांच्या कॅन्सरमध्ये) इंजेक्शन थेट गाठीत देऊन. 2019 च्या निकालात 16 टक्के पेशंटची गाठ जवळजवळ पूर्ण मेली होती, नुसत्या रेडिएशनने 8 टक्के. भस्म पोटात जातं, गाठीत नाही, तेव्हा वन्संना ते देऊ नका.